पोर तगते कशाने?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)

आज आपण एका अवघड गोष्टीविषयी बोलणार आहोत. गोष्ट दूरच्या मुलखातली आहे. पण तिचा एक धागा आपल्या वांद्र्याला येऊन पोचतो, आणि दुसरा कोल्हापूरला. म्हणून ती परकी समजू नका.

प्रश्न असा आहे. भयंकर संकट आले, आईबाप दुरावले, घर गेले, खायला अन्न नाही, मारणारा दारात उभा आहे, अशा वेळी एखादे पोर तगते ते कशाच्या बळावर? त्याच्या अंगी कोणते गुण असतात? आणि हे गुण आपल्या मुलाबाळांना आपण देऊ शकतो का?

आम्ही पुष्कळ वर्षे प्राथमिक शाळेत मास्तरकी केली. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच. तेव्हा पंडिताच्या थाटात काही सांगायचे नाही. जे वाचले, ज्यावर विचार केला, ते सरळ सांगायचे आहे. पटेल ते घ्या. पटणार नाही त्यावर वाद घाला.

काय घडले?

आपल्या कोकणात बेने इस्रायल नावाचे लोक आहेत. ते यहुदी, म्हणजे ज्यू धर्माचे. शेकडो वर्षांपूर्वी ते अलिबागच्या बाजूला येऊन राहिले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलतात, आडनावे आपल्यासारखी 'कर' लागणारी. मुलुंडच्या पुढचे स्टेशन ठाणे. तिथे त्यांचे प्रार्थनामंदिर १८७९ सालचे आहे.

अशाच ज्यू लोकांची मोठी वस्ती युरोपात होती. १९३३ साली जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. देशाच्या सगळ्या दुःखांचे कारण हे ज्यू लोकच, असे तो आणि त्याचे लोक रोज सांगत. रोज ऐकलेले खोटे माणसाला हळूहळू खरे वाटू लागते. १९३५ साली कायदा झाला आणि ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क गेले. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकले. काल एका बाकावर बसणारी मुले! आज एकाला वर्गात जागा आणि दुसऱ्याला रस्ता. आम्ही शाळेतली माणसे आहोत. ही गोष्ट वाचताना आमचा हात थांबतो.

१९३९ साली महायुद्ध पेटले. पुढे ज्यूंना पकडून छावण्यांत नेले. काही ठिकाणी गोळ्या घातल्या, काही ठिकाणी विषारी वायूने मारले. सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. त्यांत पंधरा लाखांच्या आसपास लहान मुले होती. या संहाराला जग होलोकॉस्ट म्हणते.

साठ लाख म्हणजे किती? २०११ च्या खानेसुमारीत आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची वस्ती ९३ लाखांच्या वर होती. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत. यातल्या दर तीन माणसांतली जवळजवळ दोन नाहीशी झाली, असे मनात आणून पाहा. मग आकडा समजतो.

वांद्र्याला आलेली मुले

आता आपल्याकडचा धागा.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर चाल केली. १७ सप्टेंबरला रशियाने पूर्वेकडून. पूर्व पोलंडातल्या लाखो माणसांना रशियनांनी आगगाडीच्या मालडब्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. ही बहुतेक कुटुंबे ख्रिस्ती होती, काही ज्यू. हिटलरच्या छावण्या त्यांच्या वाट्याला आल्या नाहीत. पण थंडी, भूक आणि रोगराई यांनी माणसे पटापट मेली. हजारो मुले पोरकी झाली. दोन्ही संकटांत फरक आहे, तो ध्यानात ठेवू. एकाचा हेतू एक सबंध समाज पुसून टाकण्याचा होता. दुसऱ्यात माणसे मेली ती हालअपेष्टांनी. पण पोरासमोरचा प्रश्न दोन्हीकडे तोच होता. उद्याचा दिवस कसा काढायचा?

१९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला. तेव्हा रशियाने या पोलिश लोकांना मोकळे केले. ते दक्षिणेकडे निघाले. काही मुले मालमोटारींतून अश्गाबाद, मशहद, झाहेदान या वाटेने क्वेट्ट्याला पोचली आणि तिथून रेल्वेने मुंबईला. साल १९४२. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आसरा देऊ केला होता. बालाचडी येथे समुद्रकाठी वसाहत उभी राहीपर्यंत मुलांना काही महिने आपल्या वांद्र्यात ठेवले होते. हो, हेच वांद्रे! अंधेरीहून चर्चगेटच्या गाडीत बसले की जे लागते ते.

इराणातून निघालेली सातशेहून जास्त ज्यू मुले १९४३ च्या आरंभी बोटीने कराचीवरून पुढे पॅलेस्टाइनला गेली. त्यांना 'तेहरानची मुले' असेच नाव पडले.

त्याच वर्षी, म्हणजे १९४३ साली, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची मोठी वसाहत सुरू झाली. निर्वासित म्हणजे घरदार सोडावे लागलेला माणूस. तिथे सुमारे पाच हजार लोक राहिले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. तरणे पुरुष लढाईवर गेलेले. १९४८ पर्यंत ही वसाहत होती. मग त्याच बराकींत फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. आजचे गांधीनगर, जिथे लोक कापड घ्यायला जातात, ते हेच. चेंबूर कॅम्प आणि उल्हासनगर आपल्याला ठाऊक आहेत. तसेच हे.

आता गुणांकडे वळू.

पहिला गुण : सावधपणा

पोर घाबरते, हे खरे. पण घाबरूनही ज्याचे डोळे उघडे राहतात, त्याला एखादी वाट सापडते.

टॉमस बुर्गेनथाल नावाचा ज्यू मुलगा होता. १९३४ चा जन्म. पोलंडातल्या किएल्त्से गावी असताना जर्मन लोक लहान मुलांना वेगळे काढू लागले. वेगळे काढणे म्हणजे मरण. नऊ-दहा वर्षांचे हे पोर थेट अधिकाऱ्यापुढे गेले आणि त्याच्याच भाषेत म्हणाले की मी काम करू शकतो. अधिकाऱ्याने त्याला राहू दिले.

पुढे तो आउशवित्झच्या छावणीत गेला. १९४५ च्या जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, कैद्यांना तिथून पायी हाकलत नेले. जो मागे पडेल त्याला गोळी. तेव्हा टॉमस आणि त्याचे दोन दोस्त यांनी एक युक्ती काढली. भराभर चालून रांगेच्या पुढे जायचे, मग हळूहळू होत मागे येईपर्यंत श्वास घ्यायचा, पुन्हा पुढे पळायचे. पळण्याने अंगात ऊबही येई. बघा, काय ही अक्कल! हाच मुलगा पुढे कायदा शिकला आणि २००० ते २०१० या काळात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश झाला.

सावधपणात आणखी एक गोष्ट येते. योग्य सल्ला झटकन ऐकणे. सिमोन वेल ही फ्रान्समधली सोळा वर्षांची मुलगी १९४४ साली आउशवित्झला पोचली. उतरताच एका अनोळखी कैद्याने तिला सांगितले की वय अठरा सांग. तिने ऐकले. कामाला लायक ठरली आणि वाचली. १९७९ साली ती युरोपच्या संसदेची अध्यक्ष झाली.

आपण मुलांना सांगतो, खोटे बोलू नये. बरोबरच आहे. पण खुन्यापुढे जीव वाचवायला वय दोन वर्षे वाढवून सांगणे, याला आम्ही पाप म्हणणार नाही. नीतीचे नियम माणसाला जगवण्यासाठी आहेत.

दुसरा गुण : हातातली विद्या

घर जळते, दागिने जातात, पैसा बुडतो. शिकलेले मात्र कोणी हिसकावून घेऊ शकत नाही.

अनीता लास्कर ही ज्यू मुलगी चेलो वाजवत असे. चेलो म्हणजे मोठ्या सारंगीसारखे, मांडीशी धरून वाजवायचे वाद्य. १९४३ च्या अखेरीस ती आउशवित्झला आली तेव्हा अठरा वर्षांची होती. छावणीत कैदी बायकांचे वाद्यवृंद पथक होते, आणि चेलो वाजवणारे कोणी नव्हते. तिला पथकात घेतले. त्या वाद्याने तिचा जीव वाचवला. लहानपणी सराव करताना हे कोणाच्या स्वप्नात तरी आले असेल का?

कोणाला शिवणकाम येत होते, कोणाला सुतारकाम, कोणाला दोन भाषा. ज्याला हुकूम कळतो त्याला मार कमी बसतो. तेव्हा मूल सुट्टीत मोटर दुरुस्ती बघायला गेले, विणकाम शिकले, शेजारच्या मद्रासी कुटुंबाकडून चार शब्द तमिळ शिकले, तर 'काय उपयोग?' असे म्हणू नका. उपयोग कधी होईल ते सांगता येत नाही. आणि तुम्ही रात्रीच्या वर्गाला येऊन पाटी धरली आहे ना, तीही हातातली विद्याच.

तिसरा गुण : कोणाची तरी सोबत

एकटे पोर लवकर खचते. ज्याचा हात दुसऱ्याच्या हातात आहे ते तग धरते. टॉमसला दोन दोस्त होते. अनीताला तिची बहीण छावणीत भेटली. सिमोन आपल्या आईबरोबर आणि बहिणीबरोबर होती. आई पुढे टायफसने गेली, पण बहिणी वाचल्या.

सोबतीचा फायदा दोन्ही बाजूंनी असतो. भाकरीचा तुकडा दुसऱ्यासाठी ठेवला की देणाऱ्यालाही उद्या उठण्याचे कारण मिळते. धाकट्याला सांभाळायचे आहे, या एका विचाराने थोरले भावंड उभे राहते. आपल्या चाळीत, वस्तीत आठ वर्षांची ताई कडेवर बाळ घेऊन फिरते, हे आपण रोज बघतो. तिच्यावर जास्त ओझे घालू नये हे खरे. पण एकमेकांना धरून राहण्याची ही सवय मोडू देऊ नका.

चौथा गुण : रोजची शिस्त

प्रिमो लेव्ही हा इटलीतला तरुण रसायनशास्त्रज्ञ १९४४ साली आउशवित्झला पोचला. तिथे साबण नाही, टॉवेल नाही, पाणी घाण. धुऊन काय फायदा, असे त्याला वाटू लागले. तेव्हा स्टाइनलाउफ नावाच्या एका वयस्क कैद्याने त्याला समजावले. सार असे, की हे लोक आपल्याला जनावर बनवू पाहतात. आपण तोंड धुवायचे, ताठ चालायचे, ते स्वतःच्या मानासाठी.

हीच गोष्ट वळिवड्यात मोठ्या प्रमाणावर दिसते. सैबेरियातून आलेली माणसे. अंगावर हाडे तेवढी उरलेली. पण येताच त्यांनी काय केले? शाळा काढल्या. प्राथमिक शाळा, हायस्कूल, हातकामाचे वर्ग. बालवीरांची आणि वीरबालांची पथके केली. प्रार्थनेला देऊळ, आजाऱ्यांना इस्पितळ, नाटकाला रंगमंच. बराकीपुढे फुलझाडे लावली. आपले सण पाळले, आपले नाच बसवले. कोल्हापूरचे दुकानदार त्यांच्याशी व्यवहार करता करता पोलिश बोलू लागले. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते असे.

घंटा वाजते, वर्ग भरतो, गृहपाठ तपासला जातो. यात काय मोठेसे, असे वाटेल. पण सगळे विस्कटलेल्या पोराला उद्या सकाळी आठला कुठे जायचे हे ठाऊक असणे, ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या घरात पगाराचा भरवसा नाही, त्या घरातही संध्याकाळी दिवा लागला की पोराने पुस्तक उघडायचे, एवढा एक नियम ठेवता येतो.

पाचवा गुण : आशा, पण डोळस

उद्या सुटका होईल, परवा होईल, अशी तारीख ठरवून बसणारा माणूस तारीख टळली की कोसळतो. अजिबात आशा नसलेला आधीच कोसळतो. तगतो तो मधला. तो म्हणतो, सुटका कधी होईल ठाऊक नाही, पण आजचा दिवस काढू. आजचे काम करू. वळिवड्याच्या मुलांचे तेच झाले. आपले गाव पुन्हा दिसेल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. युद्धानंतर त्यांच्यातल्या पुष्कळांची गावे रशियाच्या हद्दीत गेली. परत जायला घरच नाही. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी पोलंडला परतले. पण हातात शिक्षण घेऊन गेले.

मग जी मेली ती?

इथवर ऐकून तुमच्या मनात एक शंका आली असेल. ही हकिगत आम्ही पूर्वी एका वर्गात सांगितली होती, तेव्हा एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, मग जी पोरं मेली ती कमी हुशार होती का?" सगळा वर्ग गप्प झाला. त्या बाईंचा मुलगा पूर्वी एका पावसाळ्यात पुरात गेला होता, हे बाकीच्यांना माहीत होते.

बंधुभगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. नाही दिले तर वर सांगितलेले सगळे वाया जाईल. वाया काय, ते विष होईल.

उत्तर असे. नाही. मुळीच नाही.

ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी पाहा. हॉलंडात आपल्या कुटुंबाबरोबर ती १९४२ च्या जुलैपासून दोन वर्षे एका इमारतीच्या मागल्या भागात लपून राहिली. सावध होती. दिवसा आवाज न करता वावरायची. हुशार होती, अभ्यास करायची, रोजनिशी लिहायची. आशा होती. बहिणीची सोबत होती. कोणता गुण कमी होता? तरी ४ ऑगस्ट १९४४ ला सगळे पकडले गेले. १९४५ च्या आरंभी बेर्गन-बेल्झनच्या छावणीत ती आणि तिची बहीण रोगाने मेल्या. ॲनचे वय पंधरा. दोन-तीन महिन्यांत ती छावणी मोकळी झाली. लपलेल्या आठ जणांत फक्त तिचे वडील परत आले.

वॉर्सा शहरात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर पोरक्या ज्यू मुलांचे घर चालवत. १८ जुलै १९४२ ला त्यांच्या मुलांनी एक नाटक केले. कोणते? आपल्या रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर'. थोड्याच दिवसांत, ऑगस्टच्या आरंभी, जर्मनांनी सगळ्या मुलांना त्रेब्लिंकाच्या छावणीकडे नेले. डॉक्टरांना स्वतःचा जीव वाचवण्याची संधी होती. त्यांनी मुलांना सोडले नाही. जवळजवळ दोनशे मुले आणि ते सर्व मारले गेले. त्या मुलांना शिस्त होती, सोबत होती, विद्या होती. जगातला उत्तम गुरू त्यांच्याजवळ होता. तरी गेली.

आणि जे वाचले ते काय म्हणतात? टॉमस बुर्गेनथालने आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिले ते 'नशीबवान मूल' अशा अर्थाचे. शूर मूल नव्हे, हुशार मूल नव्हे. प्रिमो लेव्हीने तर लिहून ठेवले आहे की वाचले ते सर्वांत चांगले होते असे समजू नका. चांगले पुष्कळ गेले.

आपल्यात म्हण आहे, देव तारी त्याला कोण मारी. ज्याचे माणूस वाचले त्याने ती म्हणावी, कृतज्ञतेने म्हणावी. पण ज्याचे पोर गेले त्याच्यासमोर ती म्हणू नये. तिचा उलटा अर्थ त्याच्या काळजात सुरीसारखा जातो.

म्हणून गुणांचा हिशेब असा मांडा. गुण म्हणजे पोहणे. पोहता येणारा बुडत नाही असे नाही. महापुरात पट्टीचा पोहणाराही जातो. पण काठ जवळ असेल, तर पोहता येणारा तिथवर पोचतो. काठ जवळ असणे त्याच्या हातात नसते. त्या बाईंना आम्ही इतकेच म्हणालो की बाई, तुमच्या मुलात काही कमी नव्हते, आणि तुमच्यातही नव्हते. पाणी जास्त होते.

काठ कोण होतो?

आता शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत मोठा मुद्दा. काठ जवळ आणता येतो. तो आणतात शेजारी.

दोन देश शेजारी शेजारी ठेवून बघा. पोलंडात युद्धापूर्वी सुमारे ३३ लाख ज्यू होते. त्यांतले जवळजवळ ३० लाख मारले गेले. डेन्मार्क लहानसा देश. तिथे सात-आठ हजार ज्यू. १९४३ च्या ऑक्टोबरात जर्मन त्यांना पकडणार अशी खबर फुटली. लोकांनी त्यांना घरांत, इस्पितळांत, देवळांत लपवले. रात्री कोळ्यांनी आपल्या होड्यांत घालून समुद्रापलीकडे स्वीडनला पोचवले. सात हजारांहून अधिक माणसे वाचली. आपल्या वेसाव्याचे, मढचे, गोराईचे कोळी असतात ना, तशीच ती साधी मासेमारी करणारी माणसे.

डेन्मार्कची मुले पोलंडच्या मुलांपेक्षा शहाणी होती का? नव्हती. पोलंडातही जीव धोक्यात घालून ज्यूंना लपवणारे हजारो लोक होते. तिथे लपवणाऱ्याला सबंध कुटुंबासह मरणाची शिक्षा असे, आणि जर्मनांचा जाच फार कडक होता. पलीकडे स्वीडनसारखा मोकळा किनाराही नव्हता. म्हणजे पोराचे जगणे पोराच्या गुणांवर थोडे, आणि दार कोण उघडतो यावर पुष्कळ अवलंबून होते.

आपल्या देशाने त्या वेळी एक दार उघडले, याचा आनंद मानावा. देश स्वतः पारतंत्र्यात होता. १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. तरी जामनगरला आणि कोल्हापूरला परक्या पोरांना जागा मिळाली. मुलांनी मला वडीलच समजावे, असे जामसाहेबांनी सांगितले होते. वॉर्सा शहरात त्यांच्या नावाचा चौक आहे. वळिवड्याच्या आठवणीचे स्मारक कोल्हापूरला आहे आणि वॉर्सातही आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन फूल वाहिले. कोल्हापूरच्या मातीत काही पोलिश माणसे पुरलेली आहेत. त्यांना परतता आले नाही.

आपल्याही उपनगरांनी २६ जुलै २००५ पाहिला आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली. पुष्कळ मुले शाळेतच रात्रभर राहिली. त्या रात्री झोपड्यांतल्या लोकांनी अनोळखी माणसांना चहा दिला, कोरडे कपडे दिले, दोरी धरून पाण्यातून पार केले. कोणी जात विचारली नाही. त्या संहाराशी याची तुलना नाही. पण दार उघडण्याची सवय ती हीच.

आणि दार बंद करण्याची सवयही लहानच गोष्टींपासून लागते, हे विसरू नका. 'ते लोक तसलेच', 'त्यांच्या पोरांशी खेळू नको', 'यांना इमारतीत जागा देऊ नका', असे आपण सहज बोलतो. पोर ते ऐकते. जर्मनीत मरणछावण्या नंतर आल्या. आधी बोलणे आले.

आपण काय करावे?

आता थोडक्यात सांगतो. घरी जाऊन हे करा.

मुलाला आपले पूर्ण नाव, पत्ता आणि आईबापांचा फोन नंबर पाठ करवा. तुम्ही स्वतः तो कागदावर लिहून द्या. आता तुम्हांला लिहिता येते.

शाळेबरोबर हाताचे एक काम आणि घरच्या भाषेशिवाय एक भाषा शिकू द्या.

घरात रोजची एक वेळ ठरवा, आणि ती मोडू नका.

मुलाला प्रश्न विचारू द्या. 'गप्प बस' म्हटले की त्याचे डोळेही मिटतात. संकटात डोळे उघडे लागतात.

भावंडांत, दोस्तांत वाटून खायला लावा.

ज्याच्या घरी पोर गेले आहे, त्याला कारण विचारू नका, कारण सांगूही नका. जवळ बसा.

आणि आपल्या गल्लीत नवे कुटुंब आले, दुसऱ्या भाषेचे, दुसऱ्या धर्माचे, तर पहिल्या दिवशी पाण्याचा हंडा विचारायला जा. त्या घरातल्या पोराला तुमच्या पोराचे नाव कळू द्या.

आपल्या पोरात गुण भरणे आपल्या हातात आहे, तेवढे करू. दुसऱ्याच्या पोरासाठी काठ होणे हेही आपल्याच हातात आहे. पहिले काम प्रत्येक आईबाप करतात. दुसरे करणारे थोडे असतात. ते थोडे वाढावेत, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.